कॉलेजात चालतं, घरी चालत नाही: सी मधल्या स्ट्रिंगचा घोळ

परवा भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लॅपटॉपच्या स्क्रीनचा फोटो पाठवला, खाली एकच ओळ, "मामा हे कॉलेजात चालतं, घरी का नाही चालत". कॉलेजात म्हणजे टर्बो सी, बोरलँड कंपनीचा डॉसवरचा जुना सी कंपायलर, ती निळी स्क्रीन, आजकाल डॉसबॉक्समध्ये कोंबून चालवतात ती. घरी म्हणजे उबुंटू लिनक्स आणि त्यावरचा जीसीसी कंपायलर. प्रोग्राम नेहमीचाच, नाव विचारायचं आणि उलटं करून छापायचं, प्रत्येकाच्या जर्नलमध्ये असतो. लिंकर, म्हणजे प्रोग्रामला लायब्ररीतली फंक्शनं जोडून देणारा, म्हणत होता स्ट्ररेव्ह (स्ट्रिंग उलटी करणारं फंक्शन) नावाचं काही मला सापडत नाही.

"अरे टर्बो सी सोड" म्हणून मोकळं होता आलं असतं, पण प्रश्न बरोबर आहे त्याचा. सी भाषा एकच आहे ना, मग एकीकडे असलेलं फंक्शन दुसरीकडे गायब कसं? आणि गायब झालेलं परवडलं राव, निदान एरर तरी येते, खरा ताप देतात ती दोन्हीकडे असलेली पण वेगळं वागणारी फंक्शनं. (नावं मी बोलताना म्हणतो तशीच देवनागरीत लिहितोय, कोडमध्ये अर्थातच इंग्रजी स्पेलिंग.)

आधी स्ट्रिंग म्हणजे काय ते एकदा बघू. स्टेशनवरून गाडी धडधडत निघून जाते तेव्हा तिथला माणूस डबे मोजत बसत नाही, शेवटच्या डब्यावर मोठी फुली असते, ती दिसली की गाडी पूर्ण गेली. सी ची स्ट्रिंग तशीच. अक्षरांचे बाइट एकामागे एक लावलेले आणि शेवटी एक शून्य बाइट, ती आपली फुली. लांबी कुठेही लिहून ठेवलेली नसते. लांबी सांगणारं स्ट्रलेन बिचारं पहिल्या डब्यापासून फुली दिसेपर्यंत मोजत जातं, आणि फुली लावायची राहिली असेल तर ते शेजारच्या रुळावरचे डबेसुद्धा मोजतं, मेमरीत पुढे काय पडलंय याचं त्याला काही देणंघेणं नाही. बफर, म्हणजे स्ट्रिंग ठेवायला राखलेली मेमरी, हा प्लॅटफॉर्म. प्लॅटफॉर्म १० डब्यांचा असेल तर फुलीचा धरून १०, म्हणजे अक्षरांना ९ च जागा. पुढचे सगळे राडे या एका डब्याच्या हिशोबातून येतात.

आता स्ट्ररेव्ह. आपण "सी मध्ये आहे" म्हणतो तेव्हा खरं तर तीन वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतो. पहिली, भाषेचं स्टँडर्ड, १९८९ ला अमेरिकेचं आलं, १९९० ला आयएसओने घेतलं, मग सी९९, सी११, अलीकडे सी२३. स्ट्रलेन, स्ट्रकॉपी, स्ट्रकम्प, स्ट्रस्ट्र हे त्यातले, कुठेही न्या मिळणार. दुसरी, पोझिक्स, म्हणजे युनिक्स घराण्यातल्या सिस्टीमनी आपसात ठरवलेलं. स्ट्रडप, स्ट्रकेसकम्प, स्ट्रटोक-आर यातले. लिनक्स, मॅकवर मिळतील, विंडोजवर मिळतील याचा भरवसा नाही. तिसरी, ज्याने त्याने आपल्या दुकानात ठेवलेला माल. स्ट्ररेव्ह, स्ट्रअपर, स्ट्रकम्पआय, आयटूए हा बोरलँडचा माल, मायक्रोसॉफ्टकडेही त्यातला बराचसा आहे पण पुढे अंडरस्कोर लावून. आणि आपल्या पिढीला हे सगळं एकाच पुस्तकात, एकाच तक्त्यात, "स्ट्रिंग फंक्शन्स" या एकाच मथळ्याखाली शिकवलं, त्यामुळे कुठलं कुणाचं ते कळायला नोकरी लागावी लागली.

अजून एक गैरसमज, आणि हा मोठ्या लोकांतही बघितलाय. आपण म्हणतो कंपायलर बदलला म्हणून बिघडलं. पण स्ट्रकॉपी जीसीसी थोडीच पुरवतो, तो तुमच्या कोडचं भाषांतर करतो, फंक्शन येतं सी लायब्ररीतून. उबुंटूवर ती जीलिबसी, अल्पाइनवर मसल, मॅकवर अ‍ॅपलची स्वतःची, आणि विंडोजवर मिनजीडब्ल्यू वापरत असाल तर कंपायलर जीसीसी पण लायब्ररी मायक्रोसॉफ्टची. म्हणजे एकच जीसीसी, तोच कोड, तरी वागणं वेगळं. काही बिघडलं की पहिला प्रश्न "लायब्ररी कुठली" हा विचारायचा, कंपायलरचं नंतर.

स्ट्रडपची गंमत सांगतो, ही मी स्वतः खाल्लेली आहे. स्ट्रडप स्ट्रिंगची नवी प्रत करून तिचा पत्ता देतं, सगळे वापरतात, पण स्टँडर्डमध्ये ते सी२३ ला आलं, त्याआधी नुसतं पोझिक्स. आता जीसीसीला तुम्ही सांगितलं की मला कडक सी९९ पाहिजे, तर तो आज्ञाधारकपणे हेडरमधून, म्हणजे फंक्शनच्या घोषणा असलेल्या फाईलमधून, स्ट्रडपचं नाव लपवतो. फंक्शन लायब्ररीत आहे, घोषणा मात्र दिसत नाही. जुन्या जीसीसीचं काय होतं, घोषणा नसली की तो एक वॉर्निंग द्यायचा आणि गृहीत धरायचा की फंक्शन इंट परत करतंय. इंट ३२ बिटांचा, पॉइंटर ६४ बिटांचा. पत्त्याचा वरचा अर्धा भाग कापला जातो, उरलेला अर्धा पत्ता घेऊन तुम्ही भलत्याच घरात शिरता. बरं हे दरवेळी फुटतही नाही. जुन्या पद्धतीच्या एक्झिक्युटेबलमध्ये हीपचे, म्हणजे प्रोग्राम चालताना मागून घेतलेल्या मेमरीचे, पत्ते बहुधा एवढे लहान असायचे की ३२ बिटांत मावून जायचे, त्यामुळे वर्षानुवर्षं चालत राहिलं, आणि मग उबुंटूने १६.१० पासून पाय (पीआयई) नावाची सोय डिफॉल्ट केली, प्रोग्राम मेमरीत कुठेही लांब बसायला लागला, पत्ते मोठे झाले आणि आमचा "कधीच न बिघडलेला" कोड नव्या मशीनवर पहिल्याच ओळीत आडवा. दोन दिवस आम्ही नव्या मशीनच्या रॅमवर संशय घेत होतो. वॉर्निंग पहिल्या दिवसापासून येत होती, चारशे वॉर्निंगच्या ढिगात. आता क्लँग (दुसरा एक कंपायलर) १६ आणि जीसीसी १४ पासून ही सरळ एररच आहे, फार उशिरा सुचलेलं शहाणपण पण बरं झालं. उपाय अगदी साधा होता, फाईलच्या सगळ्यात वर, कुठल्याही इन्क्लूडच्या आधी, पोझिक्स पाहिजे असं सांगणारा मॅक्रो २००८०९एल या किमतीचा टाकायचा. आधी म्हणजे आधीच, एक जरी हेडर त्याच्यावर गेलं की उपयोग नाही.

आता कॉपी करण्याचं महाभारत. स्ट्रकॉपीला प्लॅटफॉर्म किती लांब आहे ते सांगायची सोयच नाही, ते फुली येईपर्यंत ओतत राहतं. गेट्स तर त्याहून वाईट, कीबोर्डवरून येईल तेवढं आत. १९८८ ला मॉरिस वर्म हा इंटरनेटवर आपोआप पसरणारा प्रोग्राम आला, त्याची एक वाट फिंगर सर्व्हरमधल्या (मशीनवरच्या युजरची माहिती देणाऱ्या) गेट्समधूनच होती, बफर ५१२ बाइटचा आणि पाठवणाऱ्याने त्यापेक्षा जास्त पाठवलं. तरी गेट्स स्टँडर्डमधून काढायला सी११ उजाडलं, आणि भाच्याच्या प्रोग्राममध्ये ते २०११ नंतरही ठाण मांडून आहेच.

मग लोक म्हणतात एन वालं वापरा, स्ट्र-एन-कॉपी, सुरक्षित आहे. अजिबात नाही! स्ट्र-एन-कॉपी या कामासाठी बनलेलंच नाही. जुन्या युनिक्समध्ये डिरेक्टरीत फाईलचं नाव ठेवायला ठरलेली १४ बाइटची जागा असायची, नाव लहान असेल तर उरलेल्या जागेत शून्यं भरायची आणि बरोबर १४ अक्षरांचं असेल तर फुली लावायचीच नाही, कारण जागा ठरलेलीच आहे. स्ट्र-एन-कॉपी नेमकं हेच करतं, आजही. १० च्या बफरमध्ये १० अक्षरी नाव घातलं तर फुलीशिवायची गाडी तयार. आणि ४०९६ च्या बफरमध्ये ५ अक्षरं घातली तर ते इमानेइतबारे उरलेली ४०९१ शून्यं भरत बसतं. त्याचा भाऊ स्ट्र-एन-कॅट अजून वेगळा, त्यात एन म्हणजे बफरचा आकार नाही, अजून किती अक्षरं जोडायची तो आकडा, आणि फुली तो त्या आकड्याच्या वर वेगळी लावतो. दोन सख्खे भाऊ, एकाच अक्षराचा दोन घरांत दोन अर्थ.

१९९८ च्या सुमारास ओपनबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या सिस्टीमवाल्यांनी, टॉड मिलर आणि थिओ डी राट यांनी, स्ट्र-एल-कॉपी आणि स्ट्र-एल-कॅट आणलं. आकार सांगा, तेवढ्यात बसेल तितकं भरणार, फुली नक्की लावणार, आणि मूळ स्ट्रिंग किती लांब होती तो आकडा परत देणार म्हणजे कापलं गेलं का ते कळतं. बीएसडी घराण्याने घेतलं, मॅकवर आलं, पण जीलिबसीच्या लोकांनी नाक मुरडलं, आणि ते भांडण इतकं लांबलं की जीलिबसीत ते आलं २०२३ च्या ऑगस्टला, २.३८ या आवृत्तीत. पंचवीस वर्षं! त्यांचा आक्षेप अगदीच फोल होता असं नाही, गुपचूप कापलेली स्ट्रिंग हाही बगच असतो, पण तोवर लोक स्ट्र-एन-कॉपी वापरून फुल्या हरवत होते त्याचं काय. तेवढ्या काळात प्रत्येक प्रोजेक्टने आपापली स्ट्र-एल-कॉपी लिहून ठेवली, आणि मग २.३८ आल्यावर ज्यांनी ती स्टॅटिक म्हणून लिहिली होती त्यांची हेडरमधल्या खऱ्या घोषणेशी टक्कर, बिल्ड बंद.

तिकडे मायक्रोसॉफ्टने २००५ च्या व्हिज्युअल स्टुडिओत तिसराच रस्ता धरला, स्ट्रकॉपी-एस आणि त्याचं सगळं खानदान. साधं स्ट्रकॉपी लिहिलं की सी४९९६ ची वॉर्निंग, "हे असुरक्षित आहे, एस वालं वापरा". विंडोजवर शिकलेल्या पोरांना वाटतं हेच स्टँडर्ड. आहे पण आणि नाही पण. सी११ मध्ये ते अ‍ॅनेक्स के म्हणून आलं खरं, पण ऐच्छिक, आणि जीलिबसीने घेतलं नाही, मसलने घेतलं नाही. वर मायक्रोसॉफ्टचं स्वतःचंच त्या अ‍ॅनेक्सशी जुळत नाही, स्ट्रटोक-एस त्यांच्याकडे तीन आर्ग्युमेंट घेतं, अ‍ॅनेक्समध्ये चार. जागा पुरली नाही तर मायक्रोसॉफ्टचं स्ट्रकॉपी-एस काही सांगून ठेवलं नसेल तर सरळ प्रोग्रामच बंद पाडतं. आणि डीबग बिल्डमध्ये (चुका शोधायला केलेल्या बिल्डमध्ये) ते उरलेला बफर एका ठराविक बाइटने भरून टाकतं, म्हणजे तुम्ही आकार चुकून मोठा सांगितलात तर डीबगमध्ये शेजारची मेमरी खराब आणि रिलीजमध्ये सगळं छान. माझं मत विचाराल तर दोन सिस्टीमवर चालवायचा कोड असेल तर एस वाल्यांच्या नादी लागूच नका, वॉर्निंग बंद करणारा त्यांचाच मॅक्रो टाकून ती गप्प करा आणि स्वतःचं लिहा.

एसएनप्रिंटएफ, म्हणजे मजकूर फॉरमॅट करून बफरमध्ये लिहिणारं फंक्शन, हा त्यातल्या त्यात सगळ्यांना चालणारा. सी९९ पासून स्टँडर्ड, फुली लावतो, पूर्ण लांबी परत देतो. पण इथेही मायक्रोसॉफ्टकडे आधी अंडरस्कोर वालं एसएनप्रिंटएफ होतं, बफर भरला की फुली न लावणारं आणि उणे एक परत देणारं, आणि लोक वर एक डिफाइन टाकून दोन्ही एकच आहेत असं समजून चालायचे. खरं एसएनप्रिंटएफ त्यांच्याकडे आलं व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ ला. जुना कोड उघडलात आणि ते डिफाइन दिसलं तर आधी ते उडवा. आणि हो, स्ट्रिंग कॉपी करताना मधे टक्का एस लिहायचा, युजरने दिलेली स्ट्रिंग थेट फॉरमॅटच्या जागी ठेवायची नाही, तिच्यात टक्का एन निघाला तर काय होईल ते तुमच्या नशिबावर.

तुलनेचं घ्या. दोन स्ट्रिंगची तुलना करणारं स्ट्रकम्प आणि नुसत्या बाइटची करणारं मेमकम्प काय परत देतात, शून्य, किंवा ऋण, किंवा धन. स्टँडर्ड एवढंच सांगतं. कितीचा ऋण, कितीचा धन ते सांगत नाही. तरी लोक "बरोबर एक आलं का" असं तपासतात, आणि एका लायब्ररीवर एक येतो, दुसरीवर अक्षरांमधला फरक येतो. हे किरकोळ वाटतंय ना, मग २०१२ चं मायएसक्यूएल या डेटाबेसचं प्रकरण बघा. पासवर्ड तपासताना मेमकम्पचं उत्तर एका बाइटच्या प्रकारात साठवलं होतं, समजूत अशी की उत्तर उणे १२८ ते १२७ मध्येच येणार. बहुतेक ठिकाणी येतही होतं. पण जीलिबसीचं एसएसई (प्रोसेसरच्या खास सूचना) वापरून वेगवान केलेलं मेमकम्प मोठे आकडे परत द्यायचं, आणि तो आकडा २५६ च्या पटीत असला की खालचा बाइट शून्य, शून्य म्हणजे "जुळलं", म्हणजे चुकीचा पासवर्ड टाकूनही आत प्रवेश! साधारण २५६ वेळा प्रयत्न केला की एकदा दार उघडायचं, तीनेकशे वेळा लूप फिरवायला एक सेकंदही लागत नाही. त्याच्या भाऊबंद मारियाडीबीतही तेच. आणि गंमत म्हणजे कोड एकच असून काही बिल्डवर भोक होतं, काहींवर नव्हतं, मेमकम्प कुठलं जोडलं गेलंय त्यावर. पोर्टेबिलिटी म्हणजे फक्त "कंपाइल होतंय का" असं ज्यांना वाटतं त्यांना मी हे प्रकरण सांगतो.

आता आपल्या मराठीशी संबंधित. कॅर हा एका बाइटचा, अक्षर ठेवायचा प्रकार चिन्हासकट (ऋण आकडेही घेणारा) आहे की बिनचिन्हाचा हे स्टँडर्डने मोकळं सोडलंय. इंटेलच्या मशीनवर चिन्हासकट, एआरएम लिनक्सवर बिनचिन्हाचा, अ‍ॅपलच्या एआरएमवर परत चिन्हासकट. इंग्रजी अक्षरांना फरक पडत नाही, ती १२७ च्या आत. पण देवनागरी यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक मात्रेला तीन तीन बाइट, आणि त्यातला पहिला नेहमी २२४. चिन्हासकट कॅरमध्ये २२४ चा होतो उणे ३२. तो उणे ३२ तसाच इजस्पेस किंवा इजअल्फाला (अक्षर मोकळी जागा आहे का, वर्णमालेतलं आहे का ते तपासणारी फंक्शनं) दिला तर स्टँडर्डप्रमाणे काहीही होऊ शकतं. जीलिबसी सांभाळून घेते, व्हिज्युअल स्टुडिओचा डीबग बिल्ड अ‍ॅसर्टची खिडकी तोंडावर फेकतो. म्हणजे जोवर टेस्टिंग इंग्रजी नावांनी होतं तोवर सगळं गोड, पहिला मराठी माणूस आपलं नाव मराठीत टाकतो आणि खिडकी. आधी अनसाइन्ड कॅरमध्ये कास्ट करायचं, एवढंच. तसंच गेटकॅरचं उत्तर कॅरमध्ये घेऊ नका, इंटमध्ये घ्या. फाईल संपली की ते उणे एक देतं, आणि रास्पबेरी पायवर लिनक्समध्ये बिनचिन्हाच्या कॅरमध्ये उणे एक मावतच नाही, त्याचे २५५ होतात, लूप अनंतकाळ फिरत राहतो.

भाच्याकडे परत. त्याला सांगितलं की स्ट्ररेव्ह स्वतः लिही, दोन टोकांकडून आत येत अदलाबदल, चार ओळी. फक्त नाव स्ट्ररेव्ह ठेवू नको, कारण एसटीआर आणि पुढे लहान अक्षर अशी फंक्शनची नावं स्टँडर्डने स्वतःसाठी राखून ठेवलीत, उद्या त्यांनी आणलं की तुझी स्ट्र-एल-कॉपीवाल्यांसारखी गत. त्याने गेट्स काढून एफगेट्स घातलं तर उलटं नाव एक ओळ सोडून छापायला लागलं, कारण एफगेट्स शेवटचा एंटरही आत ठेवतं आणि उलटं केल्यावर तो पुढे आला. तो छाटायला स्ट्रसीस्पॅन, ते जुन्या स्टँडर्डमधलंच, आणि त्याला बॅकस्लॅश आर आणि बॅकस्लॅश एन ही विंडोजची ओळ संपल्याची दोन्ही चिन्हं शोधायला सांगायचं म्हणजे विंडोजवरची फाईल वाचतानाही फसत नाही. मग त्याने वाचायची कटकट नको म्हणून नाव थेट कॅर पॉइंटरला अवतरणात लिहून दिलं, टर्बो सी मध्ये तेही चालायचं, इथे सेगमेंटेशन फॉल्ट. अवतरणातली स्ट्रिंग बदलायची नसते, डॉसला ती अडवायची अक्कल नव्हती, लिनक्स ती वाचण्यापुरत्याच मेमरीत ठेवतो. पॉइंटरऐवजी अ‍ॅरे केला की झालं.

मी स्वतः काय करतो तर प्रत्येक प्रोजेक्टमध्ये एक छोटी फाईल, त्यात आपल्या नावाची कॉपी, जोडणी, आणि लहान-मोठं अक्षर न बघता तुलना. कॉपी आतून फक्त स्ट्रलेन आणि मेमकॉपी वापरते, ती दोन्ही १९८९ पासून सगळीकडे सारखीच वागतात. बसत असेल तर फुलीसकट कॉपी, बसत नसेल तर नकार. कापत नाही, कारण फाईलचा पाथ अर्धा कापला तर भलतीच फाईल उघडते. दाखवण्यापुरतं कापायचं असेल तर वेगळं फंक्शन, आणि ते तीन बाइटच्या मधे सुरी चालवत नाही ना हे बघतं. "पुणे" म्हणजे १२ बाइट, १२ च्याच बफरमध्ये स्ट्र-एल-कॉपीने घातलं तर "पुण" आणि मागे मात्रेचे दोन अनाथ बाइट. मशीनवर कंपाइल करताना सगळ्या वॉर्निंग चालू, अ‍ॅड्रेस सॅनिटायझर चालू, आणि शक्य असेल तर तोच कोड जीसीसी, क्लँग आणि व्हिज्युअल स्टुडिओ तिन्हींवरून फिरवायचा. एकाच्या नजरेतून सुटलेलं दुसरा पकडतो.

रात्री परत मेसेज. "इंग्रजी नाव झकास उलटतंय, मग मी मराठीत पुणे टाकून बघितलं, तर नुसती प्रश्नचिन्हं आली". येणारच, त्याने बाइट उलटले, प्रत्येक तिकडी आतून उलटी झाली. तिकड्या सांभाळून उलटल्या तरी ण च्या पाठी प चा उकार जाऊन बसतो आणि मात्रा सगळ्यात पुढे लोंबकळते. "णेपु" पाहिजे असेल तर अक्षर आणि त्याच्या मात्रा एकत्र धराव्या लागतात, आणि त्यासाठी सी च्या लायब्ररीत काही नाही, आयसीयू सारखी वेगळी लायब्ररी घ्यावी लागते. त्याला लिंक पाठवली. जर्नलमध्ये मात्र त्याने स्ट्ररेव्हच ठेवलंय, एक्स्टर्नलच्या दिवशी लॅबमध्ये टर्बो सी च असणार आहे.